कार्बोरेटर, ओलं पोतं आणि पंचफुलाबाई

माझ्या फजितीच्या गोष्टी काढायच्या तर चहाचं दुसरं आधण ठेवावं लागेल. पण ही एक गोष्ट मी स्वतःहून कधी सांगत नाही. सुनंदा सांगते. सुनंदा म्हणजे माझी बायको. घरी कोणी आलं, त्याच्या हातात कप गेला, की ती विचारते, "यांच्या गाडीचं ऐकलं का तुम्ही?" आणि ती सांगते तेव्हा मी जरा जास्तच बावळट दिसतो. आज ती बहिणीकडे गेली आहे. म्हटलं आपणच सांगून घ्यावं, म्हणजे जेवढा होतो तेवढाच दिसेन.

तर मी विज्ञानाचा शिक्षक. नागपूरच्या सदर भागातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, मला ते जमेना. माझ्या डोक्यात एक जुनं खूळ होतं. खेड्यातल्या शाळांत प्रयोगाचं सामान नसतं, मुलं चित्रावर बोट ठेवून हायड्रोजन शिकतात. आपण सामान गाडीत घालून तिथे न्यावं, दोन तास प्रयोग करून दाखवावेत आणि परत यावं.

त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली. पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली. आजकाल असल्या गाड्या फारशा दिसत नाहीत. एका नर्सरीवाल्याची होती, तो तिच्यात कुंड्या वाहायचा, त्यामुळे मागच्या बाजूला धुतलं तरी माती निघत राहायची. मी तिला दोन्हीकडून पांढरा रंग दिला आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'फिरती प्रयोगशाळा'. 'ळ' जरा लहान झाला, पण वाचता यायचं.

दर बुधवारी आम्ही दोघं बेसाहून, म्हणजे आमच्या घरून, निघायचो. सुनंदा काचेचं सामान मांडीवर घेऊन बसायची, कारण माझ्या गाडी चालवण्यावर तिचा विश्वास नव्हता. उमरेडच्या रस्त्यावरच्या शाळा आम्ही एकेक करून घ्यायला सुरुवात केली. दोन महिने सगळं चांगलं चाललं.

मग एका बुधवारी, पाचगावच्या थोडं अलीकडे, गाडीने दोन उचक्या दिल्या, तिसऱ्या उचकीला मान टाकली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

आता मी विज्ञानाचा माणूस. घाबरलो नाही. बोनेट उघडलं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होऊन इंजिनात जातात ते भांडं. मी पाहिलं, तर त्यात पेट्रोल पोचतच नव्हतं. म्हटलं कचरा अडकला असेल. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्याला दोन टोले दिले. मग टाकीत पेट्रोल आहे ना म्हणून पाहिलं. या गाडीचा काटा मेलेला होता, त्यामुळे टाकीचं झाकण काढून आत एक बांबूची कामटी घालायची आणि ती किती भिजली ते पाहायचं. कामटी वीतभर भिजली. झाकण लावलं, पाच मिनिटं थांबलो, चावी फिरवली. गाडी सुरू.

मी सुनंदाला म्हटलं, "कचरा होता कार्बोरेटरमध्ये. टोला दिला, निघाला."

वीस किलोमीटर गेल्यावर गाडी पुन्हा तशीच बंद पडली. पुन्हा बोनेट, दोन टोले, कामटी, पाच मिनिटं. पुन्हा सुरू. येताना दोनदा तेच. आता मला सांगा, शहाण्या माणसाने यावरून काय समजावं? मी समजलो की कचरा बराच आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी गजूभाऊकडे नेली. गजूभाऊ मिस्त्रीचं गॅरेज आमच्या घरापासून दोन चौक सोडून. बारा वर्षांपासून माझी स्कूटर त्याच्याकडेच. बोलतो कमी, पण हात फार साफ. त्याने कार्बोरेटर खोलला, एकेक जेट, म्हणजे आतली बारीक भोकाची नळी, फुंकून साफ केला, मला उजेडात धरून दाखवला. आत कचरा असा नव्हताच. म्हणाला, "सर, हे त साफ हाय." मी म्हटलं, टोल्याने निघून गेला असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, सगळं बसवलं, बेसा चौकापर्यंत चक्कर मारून आणली. गाडी मख्खन.

पुढच्या बुधवारी पाचगावच्या अलीकडे बंद.

मग गजूभाऊने कार्बोरेटरमधली ती सुई बदलली, जिच्यामुळे पेट्रोल आत येतं आणि थांबतं. चौकापर्यंत चक्कर, गाडी मख्खन. बुधवारी बंद. मग फिल्टर बदलला. मग पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. चौकापर्यंत चक्कर, मख्खन. बुधवारी पाचगाव. उमरेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीचा एक कंडक्टर मला ओळखायला लागला. आधी तो खिडकीतून काय झालं विचारायचा. पुढे नुसता हात करायचा, एखाद्या थांब्यावरच्या माणसाला करावा तसा.

या भानगडीत एका शाळेचा कार्यक्रम दोनदा हुकला. उमरेडच्या पुढे सहा-सात किलोमीटरवरची जिल्हा परिषदेची शाळा. पहिल्यांदा आम्ही पोचलो तेव्हा मुलं घरी गेलेली होती. दुसऱ्यांदा तर अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला. त्या फार शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, मुलं गणवेश धुऊन येतात सर, दोनदा धुतले. मला ते लागलं. रागावल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

त्याच आठवड्यात मला सिद्धांत सापडला.

मार्च सरत आला होता, ऊन चढलं होतं. मी दोन दिवस जुनी पुस्तकं काढून वाचली आणि माझ्या लक्षात आलं की कार्बोरेटरमध्ये दोष नाहीच. दोष नागपूरच्या उन्हाचा. इंजिन तापतं, पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी तापते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफ पेट्रोलची वाट अडवून बसते. मग गाडी थांबते, नळी थंड होते, वाफ जिरते, गाडी सुरू होते. सगळं बसत होतं. म्हणून थोडं दूर गेल्यावरच बंद पडते, म्हणून चौकापर्यंत मख्खन चालते. आता हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, असं खरोखर होतं. पुस्तकात आहे. फक्त ते माझ्या गाडीत होत नव्हतं.

पण सिद्धांत मनात बसला की पुरावे रांगेने येतात. बुधवारी मी ओलं पोतं सोबत घेतलं. गाडी बंद पडली तशी मी ते नळीवर आणि पंपावर टाकलं. टोले बंद केले होते, ते अडाणीपणाचं वाटायला लागलं होतं. मग नेहमीप्रमाणे कामटीने पेट्रोल पाहिलं, पाच मिनिटं थांबलो, चावी फिरवली. सुरू. मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मागच्या वेळी पोतं नव्हतं, तरी झाली होती ना सुरू?" मी म्हटलं, त्यात आणि यात फरक आहे. काय फरक आहे ते तिने विचारलं नाही. बरं झालं.

त्यानंतर मी जो भेटेल त्याला वाफेचा सिद्धांत समजावून सांगू लागलो. सकाळी दूध घ्यायला गेलो तरी सांगायचो. कागदावर चित्र काढून द्यायचो, बाण वगैरे दाखवून. पुढच्या बुधवारी मी घरूनच पोतं बांधून निघालो. गाडी पाचगावला बंद पडली. मी ठरवलं, पोतं वाळलं. मग पाण्याची कॅन सोबत ठेवली. दर दहा किलोमीटरवर पोतं भिजवायचो. गाडी तरी बंद पडायची. मी ठरवलं, एक पोतं कमी पडतं.

दोन पोती झाली तेव्हा गजूभाऊचं आणि माझं बिनसलं.

मी त्याला ती नळी बदलून दूर सरकवून दे म्हणून सांगायला गेलो होतो. त्याने पोती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "सर, मले नाही वाटत गर्मीचं हाय. दोन दिवस गाडी माह्याकडे ठेवा. मी लंबा नेऊन पाहतो. जठी बंद पडन, तठीच खोलून पाहतो."

आता यात चूक काय होतं? काही नव्हतं. डॉक्टर म्हणतो ना, दुखेल तेव्हा या. पण मी चिडलेलो होतो, आणि या चौथी नापास मिस्त्र्याने माझा सिद्धांत एका वाक्यात बाजूला ठेवला हे मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "गजू, तुला जमत नसेल तर सरळ सांग. माझी गाडी फिरवायला मागू नकोस."

हे मी बोललो. गॅरेजमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्यासमोर बोललो.  गजूभाऊने बोनेट खाली घेतलं, कापडाने त्यावरचे आपल्या बोटांचे डाग पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. मी घरी आलो. सुनंदाला अर्धंच सांगितलं. पण तिला उरलेलं अर्धं आपोआप कळतं. 

मग आला तो बुधवार. त्या हुकलेल्या शाळेला मी तिसरी तारीख दिली होती आणि यावेळी काही झालं तरी पोचायचंच, असं ठरवून पहाटेच निघालो. सोबत दोन पोती, दोन कॅन पाणी, शिवाय सुनंदाने आपल्या मनाने एक डबा पोळ्या घेतलेल्या. तीनदा बंद पडलो. तिसऱ्यांदा तर शाळेच्या फाटकातच. अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर. मुलं रांगेत उभी, गणवेश धुतलेले.

मुख्याध्यापिका मॅडम समोर आल्या. मी त्यांना नमस्कार करता करताच वाफेचं सांगायला लागलो. पोती भिजवली. मग कामटी घेऊन टाकीकडे गेलो, झाकण फिरवलं. ते निघताना फुस्स असा आवाज झाला. तो दर वेळीच व्हायचा.

फाटकाजवळच्या शेडमध्ये शाळेचा स्वयंपाक चालला होता. तिथे खिचडी शिजवणारी एक बाई हातात मोठा झारा घेऊन हे सगळं पाहत होती. साठीच्या आसपासची, पदर कमरेला खोचलेला. मला म्हणाली, "गुरुजी, ते फुसकन कायचं वाजलं?"

मी म्हटलं, "पेट्रोलची वाफ. उन्हाने होते."

तिने माझ्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं. गाडी सुरू झाली, आत आली. ती आपल्या चुलीकडे गेली. तिचं नाव पंचफुलाबाई. हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम छान झाला. शेवटचा प्रयोग माझा आवडता आहे. एक पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात थोडं पाणी घालून उकळायचं. वाफ डब्यातली हवा बाहेर काढते. मग डबा खाली घ्यायचा, झाकण घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. आतली वाफ जिरते, आत काही उरत नाही आणि बाहेरची हवा डब्याला असा दाबते की तो कडाकडा चेपून जातो. मुलं दरवेळी ओरडतात. एकतीस वर्षांत हा प्रयोग कधी फसला नाही.

पण त्या दिवशी झालं असं की माझा डबा सामानात आलाच नव्हता. पोत्यांना जागा करताना तो घरीच राहिला. मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेलो आणि पंचफुलाबाईला तेलाचा रिकामा डबा मागितला. तिने दिला. पाहिलं तर वरच्या पत्र्याला खिळ्याने पाडलेली दोन भोकं, एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. मी म्हटलं, हा चालणार नाही, याला भोकं आहेत. तिने दुसरा दिला. त्यालाही दोन. तिसऱ्यालाही दोन.

मी विचारलं, "सगळ्यांना दोन-दोन काहून पाडता?"

"मंग तेल कसं येईन?" ती म्हणाली. "एकच पाडलं त घुटूक घुटूक करते अन् मंग अडकून बसते."

मी म्हटलं, बरोबर आहे, एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. असं मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी मॅडमच्या घरून फिरकीच्या झाकणाचा एक डबा आला आणि प्रयोग झाला. मुलं ओरडली. मी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'हवा आत जायला वाट नसेल तर आतली वस्तू बाहेर येत नाही, आणि काढलीच तर डबा चेपतो.' खाली दोन रेघा ओढल्या. पंचफुलाबाई दारात उभी राहून वाचत होती. तिला वाचता येतं, मुलांसोबत बसून बसून शिकली, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

जेवण झालं, सामान भरलं. मी पोती भिजवायला घेतली. मॅडम आणि एक-दोन शिक्षक निरोप द्यायला उभे होते. मी निघण्यापूर्वी पुन्हा कामटीने पेट्रोल पाहिलं. तेवढ्यात पंचफुलाबाई हात पुसत आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीपाशी थांबली आणि म्हणाली,

"गुरुजी, तुमच्या टाकीले दुसरं भोक कुठी हाय?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कसलं भोक?"

"हवा आत जायचं. तुमीच लिवलं ना आता फळ्यावर. पेट्रोल इकून जाते," तिने इंजिनाकडे हात केला, "मंग हवा कोनीकून येते? तुमी झाकन खोललं त फुसकन वाजलं. ते वाफ बाहीर नाही आली गुरुजी. हवा आत गेली. माह्या डब्याचा बी असाच आवाज येते, दुसरं भोक पाडलं का."

आता इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. राहून गेली असं म्हणणार होतो, पण राहून गेली नाही. मी टाळत होतो.

ज्या बुधवारी गाडी पहिल्यांदा बंद पडली, त्याच्या दोन दिवस आधी मी त्या टाकीच्या झाकणाची दुरुस्ती केली होती. खड्ड्यातून गेलं की झाकणाखालून पेट्रोलचा थेंब यायचा, सुनंदाचं डोकं दुखायचं. मी झाकण काढून पाहिलं तर मधोमध सुईएवढं बारीक भोक. मला वाटलं, झिजून पडलं. नळाची गळती बंद करायला दोन रंगांच्या वड्या मळून लावतात ना, तो मसाला आणला आणि ते भोक असं बुजवलं की त्यातून मुंगीचा श्वाससुद्धा जाऊ नये. वरून घासून गुळगुळीत केलं. सुनंदाला दाखवलं. कुठे होतं ते सांग, म्हटलं.

त्या भोकातून टाकीत हवा जात होती. पेट्रोल जितकं बाहेर जाई तितकी हवा आत येई. मी ती वाट बंद केली. मग वीस-एक किलोमीटर पेट्रोल कसंबसं जायचं, नंतर टाकी त्याला सोडेनाशी व्हायची. गाडी थांबायची. मी टोले द्यायचो, पोती टाकायचो आणि मध्येच एकदा कामटीसाठी झाकण उघडायचो. हवा फुस्सकन आत जायची. झालं. दर वेळी गाडी मीच दुरुस्त करत होतो आणि दर वेळी श्रेय दुसऱ्यालाच देत होतो.

हे सगळं मला तिथे, त्या क्षणी, एकदम समजलं. मी काय केलं असेल? मान्य केलं? नाही. मी म्हणालो, "गाडीच्या टाकीचं जरा वेगळं असतं, बाई."

हे म्हणून मी वेळ निभावून नेली असती. मॅडमनी मानही डोलावली होती. पण गाडीत सुनंदा बसली होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, त्या झाकणाचं भोक तुम्हीच बुजवलं होतं ना?"

कोणी हसलं नाही. ते बरं की वाईट, अजून माझं ठरलेलं नाही. पंचफुलाबाईने माझ्या हातातून झाकण घेतलं, शेडमध्ये गेली. आतून खिळ्यावर दगड मारल्याचे तीन आवाज आले. ती परत आली, झाकण उजेडात धरून एका डोळ्याने आरपार पाहिलं आणि मला दिलं. म्हणाली, "आता जा."

आम्ही शाळेतून निघालो ते थेट बेसाला थांबलो. मध्ये एकदाही उचकी नाही. पाचगाव आलं, गेलं.  पाचगाव गेल्यावर सुनंदाने पायाशी ठेवलेली दोन्ही ओली पोती उचलून मागे टाकली.

मी घरी गेलो नाही, आधी गजूभाऊकडे गेलो. वाटेत बरंच काही ठरवलं होतं कसं बोलायचं ते. गॅरेजमध्ये त्या दिवशीही दोन गिऱ्हाइकं होती. मी थांबलो, ती जातील म्हणून. मग वाटलं, बोललो होतो लोकांसमोर, तर हेही लोकांसमोरच. झाकण त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं की दोष माझा होता, भोक मी बुजवलं होतं, आणि तू गाडी दोन दिवस मागितलीस तेव्हा दिली असती तर तुला पहिल्याच दिवशी सापडलं असतं. मी जे बोललो ते मी बोलायला नको होतं.

गजूभाऊने झाकण उलटंपालटं करून पाहिलं. खिळ्याचं भोक जरा वाकडं झालं होतं. त्याने बारीक ड्रिलने ते नीट करून दिलं, आतून जाळीचा तुकडा बसवला, म्हणजे पेट्रोल उसळणार नाही.  मला वाटलं, आता हा माझ्याशी कधीच बोलणार नाही.

मग म्हणाला, "सर, मी माह्या पोरीले तुमच्याकडे सायन्सच्या ट्यूशनले पाठवनार होतो."

मी म्हटलं, "पाठव ना."

तो म्हणाला, "पाहतो." आणि पहिल्यांदा हसला. मुलगी पुढच्या महिन्यापासून यायला लागली. पहिल्या दिवशी तिने मला हवेचा दाब विचारला. बापाने सांगून पाठवलं होतं, यात मला शंका नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

डिसेंबरात त्या मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला. तालुक्याच्या शाळांचा विज्ञान मेळावा त्यांच्या शाळेत होणार होता. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही यायलाच पाहिजे. तुमच्याशिवाय आमचं होणारच नाही." मी जरा फुललो. शेवटी एकतीस वर्षांची सेवा आहे, कोणाला तरी किंमत असते. नवा शर्ट काढला. 'खेड्यातील मूल आणि विज्ञानदृष्टी' या विषयावर चार पानांचं भाषण लिहिलं, दोनदा सुनंदाला वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी ती झोपली.

पोचल्यावर मॅडम धावत आल्या. मला वाटलं, हार घालतात की काय. त्या म्हणाल्या, "बरं झालं सर, गाडी वेळेवर आणली. पंचफुलाबाईचं सामान तिच्या घरून आणायचंय, डबे आहेत, शेगडी आहे, बैलगाडीने सांडलं असतं."

फळ्यावर कार्यक्रम लिहिलेला होता. मी खालपर्यंत वाचला. 'हवेचा दाब : प्रात्यक्षिक आणि मार्गदर्शन, श्रीमती पंचफुलाबाई.' माझं नाव सगळ्यात शेवटी होतं, 'वाहन व्यवस्था' या शब्दांपुढे.

मी गेलो, सामान आणलं. तिने नवं लुगडं नेसलं होतं. मंचावर चढली, माईककडे एकदा पाहिलं आणि तो बाजूला सारला, कारण तिला त्याची गरज नव्हती. एक भोक पाडलेला तेलाचा डबा वाकडा करून दाखवला. घुटूक घुटूक, बंद. मग मुलांना म्हणाली, हे काही माझं नाही, या गुरुजींच्या गाडीमुळे मला सुचलं, त्यांनी टाकीचं भोक बुजवलं होतं. आणि मग तिने सगळं सांगितलं. पोती, पाणी, फुस्स, सगळं. शे-दीडशे मुलं आणि बारा शाळांचे शिक्षक पोट धरून हसले. सुनंदासुद्धा पहिल्या रांगेत बसून हसत होती, आणि तिला तर गोष्ट आधीच पाठ होती.

मग पंचफुलाबाईने मला हात केला. "गुरुजी, वरते या."

टाळ्या वाजल्या. मी मंचावर चढलो, खिशातून भाषणाचे कागद काढले, चष्मा लावला. तिने कागद माझ्या हातातून घेऊन शेजारच्या खुर्चीवर ठेवले आणि तो तेलाचा डबा माझ्या दोन्ही हातांत दिला. मग खिळा आणि दगड घेऊन दुसरं भोक पाडायला ती वाकली.

"तुमी काही सांगू नका गुरुजी," ती म्हणाली. "तुमी फक्त डबा सरळ धरा."

मी धरला. पण तोसुद्धा तिने दोनदा सांगितल्यावरच सरळ झाला.